पहाटे ट्रिप होणारा फिडर: डीआर वाचून दोष कसा शोधायचा

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या ११ केव्ही फिडरांची (उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या वीजवाहिन्यांची) एक तक्रार वर्षानुवर्षं तशीच आहे. पहाटे चार ते सातच्या दरम्यान फिडर अर्थ फॉल्टवर, म्हणजे वीज जमिनीत गळण्याच्या दोषावर, ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो). थोड्या वेळाने चार्ज केला, म्हणजे पुन्हा पुरवठा दिला, की उभा राहतो. कधी लगेच उभा राहत नाही, पण ऊन वर आलं की विनातक्रार चालतो. दिवसा पेट्रोलिंग केलं तर काहीही सापडत नाही. लॉगबुकात 'तात्पुरता दोष' अशी नोंद होते आणि आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार.

बहुतेक वेळा दोष त्याच भागातल्या त्याच चार-सहा खांबांवर असतो, फक्त दहिवर सुकलं की दिसेनासा होतो. त्याचा पुरावा उरतो तो उपकेंद्रातल्या न्यूमेरिकल रिलेच्या (दोष ओळखून ब्रेकरला तोडण्याचा आदेश देणाऱ्या यंत्राच्या) मेमरीत, डिस्टर्बन्स रेकॉर्ड (डीआर), म्हणजे दोषाच्या वेळच्या प्रवाह-व्होल्टेजच्या आलेखाच्या रूपात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डीआर, मग पेट्रोलिंग. उलटा क्रम घेतला की जनमित्रांची (लाईनवरच्या कर्मचाऱ्यांची) सकाळ वीस किलोमीटर तंगडतोडीत जाते आणि तोपर्यंत मेमरीतली नोंदही पुसली गेलेली असते.

पहाटच का

दुपारचे खारे वारे मिठाचे बारीक कण आणून इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर बसवतात. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही, म्हणून दिवसा काही होत नाही. रात्री मतलई वारे सुटतात, हवा पडते, आणि पहाटे इन्सुलेटर भोवतालच्या हवेपेक्षा थंड झाला की त्यावर दहिवर धरतं. मीठ विरघळून वीज वाहणारा पातळ थर तयार होतो आणि त्यातून गळती प्रवाह सुरू होतो. जिथे हा प्रवाह दाटतो, म्हणजे पिनजवळच्या अरुंद भागात, तिथला थर तापून सुकतो. मग जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या एका सुकलेल्या पट्ट्यावर येतं आणि तिथे ठिणगी पडते. पट्टा पुन्हा भिजतो, पुन्हा सुकतो. हे तासभरही चालू शकतं. एखादी ठिणगी पुढच्या ओल्या भागावरून सरकत टोकापर्यंत पोचली की पूर्ण फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे तारेपासून खांबापर्यंत सलग ठिणगी जाते, आणि रिले त्याची दखल घेतो. पुरवठा गेला की ठिणगी विझते, थर तसाच राहतो.

यातून ऋतूंचा हिशोबही लागतो. जून-जुलैचा मुसळधार पाऊस मीठ धुऊन नेतो, त्यामुळे त्या काळात हा दोष जवळजवळ नसतो. पावसाळ्यातल्या ट्रिपिंगची कारणं वेगळी. धोका असतो तो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत दहिवराच्या पहाटांना, आणि मेच्या शेवटी पावसाची नुसती भुरभुर येते तेव्हा. भुरभुर थर भिजवते, धूत नाही. जवळ चिरेखाण असेल किंवा रस्त्याचं काम चालू असेल तर धूळ मिठाला धरून ठेवते आणि ओल जास्त वेळ टिकते. समुद्रापासून आत असलेला पण खाणीजवळचा भाग किनाऱ्याइतकाच त्रास देतो तो यामुळे.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. गेल्या वर्षभरातल्या ट्रिपिंगच्या वेळा लॉगबुकातून उतरवा आणि तासवार मांडा. पहाटे गठ्ठा दिसला तर हे सगळं लागू. दुपारी, वाऱ्याच्या वेळी गठ्ठा दिसला तर माडाच्या झावळ्या, सुरूच्या फांद्या आणि सैल तारा आधी पाहा.

डीआर हातातून का निसटतो

नोंद न मिळण्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, ट्रिगर, म्हणजे नोंद सुरू करणारा इशारा. पुष्कळ ठिकाणी डीआर फक्त ट्रिप आदेशावर सुरू होतो आणि त्याआधीचे जेमतेम १०० मिलिसेकंद साठवतो. आयडीएमटी वक्रावर (प्रवाह जितका मोठा तितकं लवकर तोडणाऱ्या सेटिंगवर) अर्थ फॉल्ट तुटायला ३०० मिलिसेकंद ते एक सेकंद सहज लागतो. म्हणजे दोष सुरू कसा झाला, हाच सगळ्यात मोलाचा भाग नोंदीत नसतो. ट्रिगर पिकअपवर, म्हणजे प्रवाहाने ठरलेली मर्यादा ओलांडल्याच्या क्षणावर, ठेवा, पिकअपपूर्वीचे किमान २०० मिलिसेकंद, म्हणजे दहा सायकल, घ्या आणि एकूण लांबी दीड ते दोन सेकंद ठेवा. काही फिडरांवर नुसते पिकअप इतके होतात की मेमरी त्यांनीच भरते. तिथे ट्रिगर ट्रिपवरच ठेवा, पण आधीचा काळ एक सेकंदापर्यंत वाढवा. सायकलमागे १६ नमुने अंतर काढायला पुरतात. ठिणगीचा आकार ओळखायचा असेल तर ३२ किंवा त्याहून जास्त लागतात.

दुसरं, जागा. साध्या फिडर रिलेत मोजकेच डीआर मावतात, नंतर जुना पुसून नवा बसतो. ट्रिप झाल्यावर घाईने तीन-चार वेळा ट्रायल घेतली, म्हणजे पुन्हा चार्ज करून पाहिलं, की प्रत्येक ट्रायलचा एक डीआर तयार होतो आणि मूळ नोंद ढकलली जाते. एक ट्रायल घ्या. दुसऱ्यांदाही पडला तर तिसऱ्या ट्रायलआधी लॅपटॉप लावून डीआर उतरवून घ्या. केबल आणि सॉफ्टवेअर उपकेंद्रातच असावं, विभागीय कार्यालयाच्या कपाटात नाही.

तिसरं, घड्याळ. रिलेचं घड्याळ मागे-पुढे सरकतं, बॅकअप बॅटरी गेली असेल तर पुरवठा तुटताच कुठल्यातरी जुन्या तारखेवर जातं. उपकेंद्रात जीपीएस घड्याळ आणि त्याची वेळ रिलेंना पोचवणारी आयरिग-बी जोडणी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दर सोमवारी यंत्रचालकाने मोबाईलवरची वेळ आणि प्रत्येक रिलेची वेळ शेजारी शेजारी वहीत लिहावी. दुरुस्त करण्याआधी फरक लिहिणं महत्त्वाचं. तो फरक नसेल तर मागच्या आठवड्याच्या नोंदींचा ताळमेळ कधीच लागत नाही. काही रिले जागतिक प्रमाणवेळ दाखवतात. तिथे साडेपाच तास मिळवा, नाहीतर पहाटे पाचचा दोष आदल्या रात्री साडेअकराचा वाटतो.

फाईल उघडताना

डीआर कॉमट्रेड या प्रमाणित फाईल-स्वरूपात उतरवा. बहुधा दोन फाईली असतात: सीएफजी (चॅनेलांची माहिती) आणि डॅट (मोजलेले आकडे). दोन्ही एकाच नावाच्या हव्यात. एकच मेल केली तर पलीकडच्या माणसाला आकृती उघडत नाही. सीएफजी साधी मजकुराची फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात तीन गोष्टी आधी तपासा.

पहिल्या ओळीच्या शेवटी आवृत्तीचं वर्ष असतं, १९९९ किंवा २०१३. १९९१ च्या आवृत्तीत वर्ष लिहिलेलंच नसतं आणि तारखेत महिना आधी येतो, दिवस नंतर; १९९९ पासून दिवस आधी. ५ डिसेंबर आणि १२ मे यांचा घोळ इथूनच होतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक ॲनालॉग चॅनेलच्या ओळीच्या शेवटी सीटी-पीटीचं (प्रवाह आणि व्होल्टेज मोजण्याजोगे लहान करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) गुणोत्तर आणि आकडे प्रायमरीचे की सेकंडरीचे हे सांगणारं अक्षर असतं. २००/१ सीटीवर सेकंडरीचे आकडे प्रायमरी समजून वाचले तर सगळं दोनशेपटीने चुकतं. तिसरी, रिलेत भरलेलं सीटी गुणोत्तर पॅनेलवरच्या सीटीच्या पाटीशी जुळतं का. सीटी बदलल्यावर रिलेत नवं गुणोत्तर भरायचं राहून जाणं फार सामान्य आहे. तपासायला सोपं: नोंदीतला दोषाआधीचा भार आणि त्याच वेळचा लॉगशीटवरचा भार सारखा यायला हवा.

फिडर पॅनेलच्या रिलेला बऱ्याचदा फक्त प्रवाह मिळतो, व्होल्टेज नाही. अशा वेळी इनकमरच्या (बसला, म्हणजे सगळे फिडर जिथून निघतात त्या सामाईक पट्टीला, पुरवठा देणाऱ्या पॅनेलच्या) रिलेचा त्याच वेळचा डीआर हवा, कारण बस पीटी तिथे जोडलेली असते. दोघांची घड्याळं जुळत नसली तरी हरकत नाही. दोन्ही नोंदींत प्रवाह ज्या क्षणी उसळतो तो क्षण एकमेकांवर बसवा, बाकीचं आपोआप जुळतं. त्यासाठी इनकमरच्या रिलेलाही पिकअपवर ट्रिगर द्यावा लागतो आणि नेमकं तेच राहिलेलं असतं.

आकृती काय सांगते

सुरुवातीला एकच प्रश्न: दोष आपल्या फिडरवर आहे का? बसवरचं व्होल्टेज बसलं पण फिडरचा प्रवाह वाढला नाही, तर दोष दुसऱ्या फिडरवर किंवा वर ३३ केव्ही बाजूला. सगळ्या फिडरांना एकाच क्षणी व्होल्टेजची डुबकी दिसली तर वरच्या उपकेंद्राकडून त्या वेळची नोंद मागवा. वारंवारिताही बघून घ्या. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिण ग्रिड जोडली गेली तेव्हापासून देशभर एकच वारंवारिता आहे आणि तिचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ. स्थानिक फॉल्टने ती हलत नाही. ती ठळकपणे हललेली दिसली तर कारण आपल्या तालुक्याबाहेर आहे. एका फेजचं व्होल्टेज शून्यावर पण तिन्ही प्रवाह जसेच्या तसे, याचा अर्थ पीटीचा फ्यूज गेला. लाईनवर कुणाला पाठवू नका.

मिठाच्या फ्लॅशओव्हरची खूण अशी. एका फेजचा प्रवाह एका सायकलच्या आत उसळतो, आधी काही चढउतार नसतो. सुरुवात व्होल्टेजच्या शिखराजवळ होते, कारण इन्सुलेशन जास्तीत जास्त ताणाखाली तुटतं. फेज व्होल्टेज बसतं. न्यूट्रल सॉलिड अर्थ केलेलं असल्यामुळे बाकीची दोन फारशी हलत नाहीत. ठिणगी पेटलेली राहते आणि प्रवाहाचा आकार जवळपास स्थिर असतो. बस व्होल्टेज हाताशी नसेल तर प्रवाहावरूनही अंदाज येतो: शिखरावर सुरू झालेला प्रवाह शून्यरेषेभोवती सारखा असतो, एका बाजूला झुकत नाही. मात्र ही खूण उपकेंद्राजवळच्या दोषांनाच भरवशाची. लांबच्या दोषात तारेचा रोधच इतका असतो की झुकाव तसाही दिसत नाही.

झावळीचा डीआर अगदी वेगळा दिसतो. प्रवाह लहान, काही अँपिअर ते काही दहा अँपिअर, खडबडीत, मध्येच तुटणारा आणि पुन्हा जोडणारा. झावळ करपत जाते तसा तो वाढतो. झावळ दोन तारांवर आडवी पडली असेल तर दोन फेजचे प्रवाह एकमेकांच्या उलट आणि न्यूट्रलचा प्रवाह जवळजवळ शून्य. तारा एकमेकींवर आपटल्या तरी असंच दिसतं, पण तिथे प्रवाह एकदम मोठा असतो, थोड्याच सायकल टिकतो आणि तारा झुलत असतील तर एक-दोन सेकंदांनी पुन्हा येतो. लाईन चार्ज करतानाच ट्रिप झाला असेल तर लाटा पाहा: एकाच बाजूचे अर्धे तुकडे, हळूहळू उतरणारे, दुसरा हार्मोनिक (१०० हर्ट्झचा घटक) मूळ लाटेच्या १५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे रोहित्रांचा इनरश, चार्ज होताना ती क्षणभर ओढतात तो मोठा प्रवाह, आहे. त्यात दोष शोधू नका. फिडरचे भाग पाडून टप्प्याटप्प्याने चार्ज करा किंवा रिलेत हार्मोनिक अडवणूक असेल तर ती चालू करा.

कोकणात खास पाहण्यासारखा प्रकार पुढचा आहे. जांभ्यात खांबाचं अर्थिंग बहुधा कमकुवत असतं. आर फेजचा पिन इन्सुलेटर फुटला की प्रवाहाला जमिनीत जायला वाट अपुरी पडते, त्यामुळे डीआरमध्ये आधी ५०-६० अँपिअरचा किरकोळ अर्थ फॉल्ट दिसतो. पण तेवढ्यात लोखंडी क्रॉसआर्म (इन्सुलेटर बसवलेला आडवा दांडा) आर फेजच्या व्होल्टेजजवळ चढलेला असतो. शेजारच्या वाय फेजच्या इन्सुलेटरवर आता ६.३५ ऐवजी जवळजवळ ११ केव्ही ताण येतो. तोही मिठाने माखलेला, मग तोही जातो. डीआरमध्ये आठ-दहा सायकलनंतर प्रवाह अचानक दहा-बारापट होतो आणि न्यूट्रलचा प्रवाह तुलनेने नगण्य राहतो. रिलेच्या पडद्यावर 'आर-वाय ओव्हरकरंट' येतं आणि सगळे झावळी किंवा सैल तारा शोधत निघतात. सुरुवातीचा तो छोटा अर्थ फॉल्टचा तुकडाच खरं कारण सांगतो. पिकअपवर ट्रिगर ठेवायचा तो याच्यासाठी.

अंतर काढणे

वरच्या प्रकाराचा एक फायदा असतो: दुसऱ्या टप्प्यातल्या फेज-टू-फेज प्रवाहावरून अंतर चांगलं निघतं, कारण जमिनीचा रोध त्यात येत नाही. प्रवाह स्थिर झाल्यावरची दोन-तीन सायकल निवडा.

उदाहरण घ्या. आर-वाय व्होल्टेज ७.६ केव्ही, दोन्ही फेजमध्ये ७०० अँपिअर, एकमेकांच्या उलट. दोन प्रवाहांतला फरक १४०० अँपिअर. एकूण अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, ७६०० ÷ १४०० = ५.४३ ओहम. त्याचे दोन भाग: तारेचा रोध आणि चुंबकीय परिणामाचा अडथळा, म्हणजे रिॲक्टन्स. प्रवाह व्होल्टेजच्या ३२ अंश मागे आहे, म्हणून रिॲक्टन्स ५.४३ × ०.५३ = २.८८ ओहम आणि रोध ५.४३ × ०.८४८ = ४.६० ओहम. रॅबिट या जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेची रिॲक्टन्स किलोमीटरला साधारण ०.३६ ओहम धरली तर २.८८ ÷ ०.३६ = ८ किलोमीटर. आता पडताळा. रॅबिटचा रोध किलोमीटरला साधारण ०.५४ ओहम, आठ किलोमीटरला ४.३२. उरलेला ०.२८ ओहम ठिणगीचा. इतका कमी उरला म्हणजे वाट सरळ इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून गेली आहे. तीन-चार ओहम उरले असते तर मध्ये झावळ, वेल किंवा फांदी आहे असं धरा.

अंतर नेहमी रिॲक्टन्सवरून काढा, एकूण इम्पिडन्सवरून नाही. ठिणगीचा रोध एकूण आकडा फुगवतो. दुसरं कारण असं की तारेची जाडी बदलली तरी रिॲक्टन्स फार बदलत नाही. बारीक वीझल तार असो वा रॅबिट, ०.३५ ते ०.३८ च्या आसपासच. ३ जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर जिथे लाईन पुन्हा उभारली, तिथे नकाशावरची तार आणि खांबावरची तार एकच असेल याची खात्री नसते. रोधावर विसंबून राहिलात तर तिथे फसाल. अपवाद भूमिगत केबलचा. तिची रिॲक्टन्स किलोमीटरला ०.१ ओहमच्या आसपास, म्हणून केबलचा तुकडा वेगळा मोजून आधी वजा करा.

निव्वळ अर्थ फॉल्टमध्ये फेज व्होल्टेजला नुसत्या फेज प्रवाहाने भागून चालत नाही. न्यूट्रल प्रवाहाला झीरो सीक्वेन्सचा, म्हणजे जमिनीतून परतणाऱ्या वाटेचा, गुणक लावून तो मिळवावा लागतो. जांभ्याचा रोध आणि चालू भार यांमुळे उत्तर किलोमीटर-दीड किलोमीटर इकडेतिकडे होतं. एकट्या डीआरवर भरवसा ठेवू नका. चार-पाच पहाटांचे डीआर जमले की सगळ्यांची अंतरं एका ओळीत लिहा. ती एकाच ठिकाणी जमली तर एक-दोन खांबांचं काम आहे. दोन-चार किलोमीटरवर पसरली तर तो पूर्ण पट्टाच मिठाने भरला आहे आणि एखादा इन्सुलेटर बदलून काही होणार नाही. कामाचा आवाका या एका ओळीवरून ठरतो.

फिडरला फाटे असतील तर आठ किलोमीटर म्हणजे तीन वेगवेगळी ठिकाणं निघू शकतात. खाडीच्या किंवा समुद्राच्या बाजूचा फाटा आधी घ्या. चूक दहा टक्के धरली तर ७.२ ते ८.८ किलोमीटर, म्हणजे साधारण तीस खांब. वीस किलोमीटरच्या तुलनेत हे एका सकाळचं काम आहे.

लाईनवर

या तीस खांबांखालून दिवसा नाही, पहाटे चार ते सहा या वेळात चाला. टॉर्च विझवून थांबलं की मिठाने माखलेला इन्सुलेटर निळसर चमकताना दिसतो आणि त्याची चरचर खालून ऐकू येते. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर असेल तर उत्तम. खांबाला, स्टेला (खांबाच्या ताणतारेला), अर्थिंगच्या पट्टीला हात लावायचा नाही. दोष चालू असताना या तिन्हींवर व्होल्टेज असू शकतं. खांबाचा नंबर लिहा, पुढे चला.

त्याच दिवशी परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करण्याची लेखी परवानगी, घेऊन वर चढा. दोन्ही बाजूंनी तोडा, डिस्चार्ज करा, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावा. किनाऱ्यावर बर्फाचे कारखाने, कोळंबी प्रकल्प आणि हॉटेलं यांच्याकडे जनरेटर आणि सौर संच असतात; उलटा पुरवठा येण्याची शक्यता इथे खरोखरच असते. खुणा बारीक असतात: घड्यांच्या कडेला पांढरट जळका ठिपका, चकाकी उडालेली रेघ, पिनच्या मानेजवळ गंज, बाइंडिंगच्या तारेवर टाचणीएवढे खड्डे. पिन इन्सुलेटर आतून भेदला गेला असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. त्यासाठी एबी स्विच (खांबावरचा लाईन तोडणारा स्विच) उघडून भाग वेगळा करा, त्यातल्या रोहित्रांचे डीओ फ्यूज उतरवा, लायटनिंग अरेस्टरचे (वीजरोधकाचे) जंपर सोडा आणि ५ केव्ही मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तिन्ही फेज जमिनीशी तपासा. आकडा हवेतल्या ओलीप्रमाणे खूप बदलतो, म्हणून तिन्ही फेजची आपापसात तुलना करा. एक फेज बाकीच्या दोघांच्या दहाव्या हिश्शावर असेल तर तीच धरा आणि भाग अर्धा-अर्धा करत जा.

काय बदलायचं

मुळातला प्रश्न क्रीपेजचा, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून तारेपासून पिनपर्यंतच्या अंतराचा. अतिप्रदूषित भागासाठी दर केव्हीला ३१ मिलिमीटर क्रीपेज लागतं आणि ते सिस्टीमच्या कमाल व्होल्टेजवर मोजतात. ११ केव्हीसाठी १२ × ३१ = ३७२ मिलिमीटर; ३३ केव्हीसाठी ३६ × ३१ = १११६. कमी प्रदूषणासाठीचा १६ मिलिमीटरचा हिशोब लावला तर हेच १९२ आणि ५७६ येतात. स्टोअरमधल्या इन्सुलेटरवर पाटी नसेल तर पृष्ठभागाच्या प्रत्येक घडीतून चिकटपट्टी बसवत टोकापासून पिनपर्यंत न्या, काढून सरळ करा आणि मोजा. किनाऱ्याच्या पट्ट्यात ३७२ पेक्षा कमी काहीही बसवू नका, मग ते नवंकोरं का असेना.

सिलिकॉन रबरचे पॉलिमर इन्सुलेटर इथे चांगले, कारण त्यांच्यावर पाण्याचा सलग थर धरत नाही, थेंब सुटे राहतात. पण त्यांना तारेचा ब्रश किंवा थिनर लावू नका आणि स्टोअरमध्ये उंदरांपासून जपा. कुरतडलेली घडी खालून दिसत नाही आणि पाणी आतल्या फायबरपर्यंत जातं. पोर्सिलेन ठेवायचंच असेल तर वर्षातून दोनदा पुसावं लागेल, नोव्हेंबरच्या अखेरीस आणि एप्रिलमध्ये. आधी कोरडं फडकं, मग गोड्या पाण्याचं. किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. त्याने पुसलं तर मीठ काढण्याऐवजी मीठ लावून येतो. बदललेल्या इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन खांब त्याच परमिटमध्ये पुसून घ्या, कारण त्यांच्यावरही तितकंच मीठ आहे आणि पुढच्या पहाटे पाळी त्यांची. अरेस्टरचं पोर्सिलेन यातून हमखास सुटतं.

खांबाचं अर्थिंग त्याच फेरीत पाहा. किनाऱ्यावर जमिनीलगतची पट्टी गंजून तुटलेली असते, वरून शाबूत दिसते. जांभ्यात एक पाईप ठोकून भागत नाही. खाली ओल लागेपर्यंत खोल जा किंवा सलग अर्थ वायरने चार-पाच खांब एकत्र जोडा.

एक उपाय मात्र करू नका. ट्रिपिंग थांबावं म्हणून अर्थ फॉल्टचं सेटिंग वाढवलं जातं. २००/१ सीटीवर २० टक्के म्हणजे ४० अँपिअर. ते ४० टक्के केलं की ८० अँपिअर. उन्हाळ्यात कोरड्या जांभ्यावर तुटून पडलेली तार काही अँपिअरच ओढते, ती ४० लाच मुश्किलीने दिसते किंवा दिसतच नाही. ८० वर ती दिसण्याची उरलीसुरली शक्यताही संपते आणि जिवंत तार बागेत पडून राहते. आंबे काढायला माणसं बागेत असतात तो हाच काळ.

डीआर हाताशी आहे तर ब्रेकरचीही तपासणी फुकटात होते. वरचंच सेटिंग, म्हणजे ४० अँपिअर पिकअप, नॉर्मल इन्व्हर्स वक्र, टाइम मल्टिप्लायर ०.१, आणि ४०० अँपिअरचा फॉल्ट: रिलेने साधारण ३०० मिलिसेकंदांत आदेश द्यायला हवा. आदेशाच्या डिजिटल रेघेपासून प्रवाह शून्य होईपर्यंत व्हॅक्यूम ब्रेकरला (व्हीसीबी) साधारण ६० मिलिसेकंद पुरतात. हा काळ १०० च्या वर गेला तर खाऱ्या हवेने यंत्रणा जाम होते आहे किंवा डीसी बॅटरी बसली आहे. ग्रीसिंग करा, ट्रिप कॉइलवरचं व्होल्टेज ट्रिपच्या क्षणी मोजा. याकडे दुर्लक्ष केलं तर एखाद्या पहाटे फिडरऐवजी इनकमर पडतो आणि सगळं उपकेंद्र अंधारात जातं.

काम झाल्यावर फिडर आठवडाभर पडला नाही, एवढ्याने खात्री धरू नका. कदाचित दहिवरच पडलं नसेल. रिलेत अर्थ फॉल्ट स्टार्टचा, म्हणजे पिकअप किती वेळा झाला याचा, काउंटर असतो. तो त्या दिवशी लिहून ठेवा आणि दाट दहिवराच्या प्रत्येक पहाटेनंतर वाचा. ट्रिप न होताही काउंटर वाढत असेल तर पृष्ठभागावर अजून ठिणग्या पडत आहेत आणि त्या पट्ट्यात एखादा खांब राहून गेला आहे. अशा पाच-सहा पहाटा काउंटर जागचा हलला नाही, तरच काम पुरं झालं म्हणून नोंद करा.